संगणकाच्या पंख्याचा आवाज कमी करताना : तूस, तापमान आणि मे महिना

१ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि आमच्या वर्धा जिल्ह्यातील कापड बाजारात, मग ते वर्धा शहर असो, हिंगणघाट असो, आर्वी असो की पुलगाव, गादीवरच्या रोजमेळाशेजारी संगणक येऊन बसला. त्याआधीही काही दुकानांत टॅली होती, पण ती शौकाची गोष्ट होती. आता मासिक विवरण भरणाऱ्याला दर महिन्याची ११ आणि २० तारीख चुकवून चालत नाही. संगणक आला तसा त्याचा आवाजही आला. पहिले सहा महिने तो कुणाला ऐकू येत नाही. वर्ष-दीड वर्षात मात्र तोच डबा पिठाच्या गिरणीसारखा गुरगुरू लागतो आणि मालक वैतागून म्हणतो, याचा काहीतरी इलाज करा.

या आवाजाचे नुकसान किरकोळ आहे असे समजू नये. भिवंडी, मालेगाव किंवा सुरतच्या व्यापाऱ्याशी फोनवर सौदा चालू असताना 'सात थान' आणि 'साठ थान', 'सत्रह' आणि 'सत्तर' यांत फरक किती असतो? गल्ल्याखाली पंखा घोंघावत असेल तर पन्नाशी ओलांडलेल्या कानांना तो फरक कळत नाही, आणि माल येऊन पडल्यावर वाद होतो. ज्यांचे दुकान आणि घर एकाच खोलीत आहे, जे कारागीर रात्री बसून संगणकावर भरतकामाचे डिझाइन तयार करतात, त्यांच्या घरातली मुले त्याच आवाजात झोपतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागासाठी दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल अशी मर्यादा आहे. ती मर्यादा बाहेरच्या वातावरणासाठी आहे, आपल्या डब्याला ती लागू नाही. पण कोणत्या आवाजाला किती म्हणावे याचा अंदाज त्यावरून येतो.

तरीही पंखा बंद करणे, त्याची वायर काढणे किंवा डबा लाकडी कपाटात कोंडणे हा त्यावरचा इलाज नव्हे. हे तिन्ही प्रकार आम्ही आपल्याच बाजारात पाहिले आहेत. पंखा ओरडतो तो आत काहीतरी तापले आहे म्हणून. त्याचे तोंड बंद केले तरी ताप उतरत नाही.

ताप येतो कुठून? ज्या डब्याला आपण सगळे 'सीपीयू' म्हणतो, त्याच्या आत खरा सीपीयू म्हणजे प्रोसेसर असतो. त्यातील काम करणारा सिलिकॉनचा तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा. दुकानात चालणाऱ्या साधारण डेस्कटॉप प्रोसेसरवर ६५ वॅट असा आकडा दिलेला असतो. आपल्या इस्त्रीवर १००० वॅट लिहिलेले असते, पण तिचा तळ केवढा मोठा. नखाएवढ्या जागेत ६५ वॅट म्हणजे इस्त्रीच्या तळापेक्षा तेवढ्याच जागेमागे कितीतरी जास्त उष्णता झाली. ती बाहेर नेली नाही तर तो तुकडा काही सेकंदांत नको तेवढा तापेल. म्हणून त्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा एक ठोकळा बसवतात, त्याला हीटसिंक म्हणतात. दोघांच्या मध्ये पांढरी किंवा करडी पेस्ट लावतात, आणि ठोकळ्यावर पंखा. पेस्ट उष्णता ठोकळ्याला देते, ठोकळा पट्ट्यांना, पट्ट्या हवेला. या साखळीत एक कडी ढिली झाली की प्रोसेसर तापतो, मदरबोर्ड पंख्याला जोरात फिरायला सांगतो, आणि आपल्याला आवाज ऐकू येतो.

हवा किती लागते याचाही हिशोब आहे. १०० वॅट उष्णता डब्याबाहेर न्यायची आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर सेकंदाला सुमारे ८ लिटर हवा फिरली पाहिजे, म्हणजे साधारण अर्धी बादली. पंख्याच्या खोक्यावर हा आकडा मिनिटाला घनफुटांत लिहितात, त्या मापाने सतरा-अठरा होतो. हे फार नाही. संथ फिरणारा एक मोठा पंखाही मोकळ्या वाटेने एवढी हवा आरामात देतो. अडचण असते ती वाट मोकळी नसण्याची.

कापडाच्या दुकानातला नमदा

आपल्या धंद्याचा संबंध इथे येतो. बँकेतल्या किंवा वकिलाच्या कचेरीतल्या संगणकात धूळ साचते, आपल्या संगणकात तूस साचते. दोन्हींत फरक आहे. धूळ सुटी असते, फुंकली की उडते. सुती टॉवेल, मखमल, फ्लॅनेल, नवे कोरे कापड फाडताना आणि कातरताना जे बारीक तंतू उडतात ते एकमेकांत गुंततात. पंखा त्यांना ओढून हीटसिंकच्या पट्ट्यांवर दाबत राहतो, आणि काही महिन्यांत पंखा व पट्ट्या यांच्या मध्ये चक्क नमदा तयार होतो. वरून पाहिले तर पंखा स्वच्छ दिसतो, फिरतोही जोरात. पण हवा पट्ट्यांपर्यंत पोचतच नाही. शिंप्याच्या दुकानात, जिथे इंटरलॉक मशीन दिवसभर कापडाची कड कातरत असते, तिथे हे आणखी लवकर होते. गादी-रजई भरणाऱ्या पिंजारी कारागिरांनी तर संगणक कापूस पिंजण्याच्या खोलीत ठेवूच नये. मधे दार असलेल्या दुसऱ्या खोलीत न्यावा.

हिंगणघाट आणि पुलगावच्या गिरण्यांत ज्यांच्या घरच्यांनी काम केले, त्यांना हे सांगावे लागणार नाही. सूत कातण्याच्या खात्यात उडणारा तूस ही गिरण्यांची कायमची डोकेदुखी असते. म्हणूनच तिथे हवा जाळ्यांतून गाळून फिरवतात आणि जाळ्या साफ करायला माणूस नेमलेला असतो. आपल्या डब्यासाठीही तीच रीत लागू पडते.

आता थोडा बेरजेचा भाग. प्रोसेसरचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक वरची वाढ. समजा, साफ यंत्रात काम करताना ही वाढ ३५ अंश आहे. जानेवारीत दुकानात २२ अंश असतील तर प्रोसेसर ५७ वर राहील. मे महिन्यात दुपारी दुकानात ४२ असतील तर ७७ वर जाईल. दोन्ही ठीक. आता नमद्यामुळे तीच वाढ ५५ झाली असे धरा. जानेवारीत प्रोसेसर ७७ वर राहील, पंखा थोडा जास्त आवाज करील, बाकी कुणाला काही कळणार नाही. मे महिन्यात मात्र तो ९७ वर जाईल. यंत्र तेच, बिघाड तोच, पण थंडीत जो नुसता आवाज होता तो उन्हाळ्यात बंद पडणे झाले. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो हे काही नवीन नाही, आणि नेमकी त्याच वेळी लगीनसराई असते. २०१८ आणि २०१९ साली तर रमजानही मे-जूनमध्ये आला होता. दिवसभर तापलेले यंत्र रात्री उशिरापर्यंत बिले छापत होते. दुपारी तीनच्या सुमारास संगणक आपोआप बंद होतो, संध्याकाळी पुन्हा नीट चालतो, ही तक्रार त्या दिवसांत बाजारात घरोघरची होती. पुष्कळांनी त्याचा दोष विजेला दिला. तिथे विजेआधी डबा उघडून पाहायला हवा होता.

किती तापमान सुरक्षित म्हणावे? रिकामा बसलेला प्रोसेसर खोलीपेक्षा दहा-वीस अंश वर असतो. काम करताना ७० ते ८० पर्यंत काळजी नको. रोजच्या बिलांच्या कामात तो ९० ओलांडत असेल तर तपासणी करा. शंभराच्या आसपास बहुतेक प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी कामाचा वेग कमी करतात आणि त्यावरही ताप वाढला तर यंत्र बंद करतात. काही नवे प्रोसेसर जड कामात ९५ पर्यंत जाऊ देणे हे कंपनीनेच ठरवलेले असते, पण बिल बनवणे हे जड काम नव्हे. प्रोसेसरला स्वतःचे रक्षण करता येते, हार्ड डिस्कला येत नाही. तिच्यावर कंपन्या साधारण ६० अंशांची कमाल मर्यादा लिहितात, आणि आमच्या मते ती ५० च्या खाली ठेवावी. आपली उधारीची खतावणी प्रोसेसरमध्ये नसते, डिस्कवर असते. मदरबोर्डावर आणि वीजपुरवठ्याच्या डब्यात जे नळकांड्यासारखे कपॅसिटर असतात, त्यांच्याबद्दलचा जुना ठोकताळा असा की १० अंश कमी तापवले तर आयुष्य जवळजवळ दुप्पट होते. कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूमॉनिटर अशी फुकट मिळणारी प्रोग्रामे आहेत, ती पडद्यावर हे आकडे दाखवतात. ते आकडे एकदा जानेवारीत आणि एकदा मे महिन्यात वहीत टिपून ठेवावेत.

आवाज ओळखणे

कुठला आवाज आहे हे ओळखल्याशिवाय खर्च करू नये. भर्रर असा वाऱ्याचा आवाज म्हणजे पंखा वेगाने फिरतो आहे, आणि कारण बहुधा ताप. कर्रकर्र, विशेषतः सकाळी सुरू करताना आणि मग थांबणारी, म्हणजे पंख्याचे बेअरिंग सुकले. टरटर म्हणजे एखादी वायर पात्याला लागते आहे, ती बाजूला बांधली की विषय संपला. टेबलासकट येणारी घूंघूं म्हणजे कंप. डब्याखाली रबराचे चार तुकडे ठेवा आणि सैल स्क्रू आवळा. आणि डिस्कमधून टकटक येत असेल तर बाकी सगळे सोडून आधी सगळा डेटा दुसरीकडे उतरवून घ्यावा.

डब्यात दोन-तीन पंखे असतील तर सर्वांत मोठ्या आवाजाचा आधी पकडावा. डेसिबलचे गणित आपल्या बेरजेसारखे नाही. सारख्या आवाजाचे दोन पंखे असतील आणि एक बंद केला तर फक्त ३ डेसिबल कमी होतात, कानाला जेमतेम कळतील एवढेच. आवाज निम्मा झाला असे वाटायला १० डेसिबल कमी व्हावे लागतात. कुठला पंखा दोषी आहे हे पाहायचे असेल तर पेन्सिलीच्या मागच्या रबराने पंख्याच्या मधल्या टिकलीवर हलके दाबून तो दोन-तीन सेकंद थांबवावा आणि ऐकावे. पात्यांना हात लावू नये. वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, त्याच्या पंख्यावर हा प्रयोग अजिबात करू नये, आणि तो डबा उघडूही नये. त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही काही काळ तीनशे व्होल्टच्या वर वीज साठलेली राहू शकते. त्याचा पंखा करकरत असेल तर तो डबाच बदलावा.

सफाई करताना प्लग काढा, डबा दुकानाबाहेर ओट्यावर न्या. ब्लोअर मारण्यापूर्वी प्रत्येक पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने पंखा भन्नाट फिरला की बेअरिंग जाते, आणि फिरता पंखा उलट वीजही तयार करतो. पण नुसत्या ब्लोअरने नमदा निघत नाही हे आम्ही पुन्हा सांगतो. हीटसिंकवरचा पंखा सोडवून घ्यावा लागतो आणि तो नमदा चिमट्याने किंवा रंगाच्या कोरड्या ब्रशने उचलावा लागतो. ओले फडके वापरू नये. कचेरीत वर्षातून एकदा हे पुरते. कापडाच्या दुकानात दोन-तीन महिन्यांनी करावे, आणि एक सफाई एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नक्की. यंत्र तीन-चार वर्षांचे झाले असेल तर त्याच वेळी हीटसिंक काढून जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावून घ्यावी. वाटाण्याएवढी पुरते. जास्त थापणारा मेकॅनिक जास्त हुशार असतो असे नाही.

करकरणाऱ्या पंख्याचा एक तात्पुरता इलाज शिंप्याकडेच आहे. पंख्याच्या मागचे गोल लेबल अलगद उचलले की काही पंख्यांत खाली रबराचे छोटे बूच असते. ते काढून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकला की आवाज बसतो. दोन थेंब नकोत, जास्तीचे तेल बाहेर येऊन तूस धरते. खाण्याचे तेल तर चुकूनही नको, ते चिकट होते. हा इलाज काही आठवड्यांचा. पुष्कळ पंखे पूर्ण बंद असतात, त्यांना तेल जातच नाही. पंखा काही शे रुपयांना मिळतो आणि मे महिना तोंडावर असेल तर नवाच आणावा.

जाळी कुठल्या कापडाची?

हवा आत येण्याच्या जागी जाळी लावली तर तूस आत जाणार नाही, हे सर्वांना सुचते. चूक होते ती कापड निवडण्यात, आणि निदान या बाबतीत आम्हा कापडवाल्यांना मेकॅनिकपेक्षा जास्त कळले पाहिजे. मलमलीचा तुकडा लावणारे आहेत. मलमल डोळ्याला विरळ दिसते, पण ताण्याबाण्याच्या मधली मोकळी जागा पंख्यासाठी फार कमी पडते. शिवाय सुती धाग्याला स्वतःची लव असते, ती बाहेरचा तूस धरते आणि चार दिवसांत भोके बुजतात. ऑर्गंडी कडक असली तरी तीच गत. आमच्या अनुभवाने नायलॉनच्या मच्छरदाणीची जाळी किंवा दुपट्ट्याचे साधे नायलॉन नेट, एकच पदर, सगळ्यांत बरे. धागा अखंड असल्याने लव नाही, भोक मोठे, आणि तूस तंतूंच्या रूपात असल्यामुळे मोठ्या भोकावरही अडकतो. बारीक धूळ त्यातून आत जाईल, जाऊ द्यावी. नेट दोन बाजूंच्या टेपने बाहेरून लावावे, म्हणजे आठवड्याला काढून धुता येते. पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नये.

जाळी लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर अर्ध्या तासाने तापमान बघावे. तीन-चार अंशांहून जास्त वाढले तर जाळी दाट आहे, दुसरी शोधा. हवा बाहेर जाण्याच्या जागी, म्हणजे मागच्या बाजूला, जाळी लावू नये. बाहेर जाणाऱ्या हवेला गाळून काय मिळवायचे? उलट आतला तूस तिथे अडकून वाट बंद होते. ज्यांच्या डब्यात पंखे दोनहून जास्त आहेत त्यांनी आत हवा घेणारे जास्त आणि बाहेर टाकणारे कमी ठेवावेत. त्यामुळे आत हवेचा दाब किंचित जास्त राहतो, फटींमधून हवा बाहेरच जाते, आणि आत येणारी सगळी हवा जाळीतूनच येते.

इतके झाल्यावर खऱ्या अर्थाने आवाज कमी करण्याचा प्रश्न येतो, आणि त्याचे गणित व्यापाऱ्याला आवडेल असे आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो आणि वीज आठव्या हिश्श्यावर येते. नुसता वीस टक्के वेग सोडला तरी सुमारे ५ डेसिबल वाचतात, आणि साफ यंत्रात त्याची किंमत फार तर चार-सहा अंश. इतका स्वस्त सौदा बाजारात क्वचितच मिळतो. दुसरा मार्ग मोठ्या पंख्याचा. घरचा छताचा पंखा मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो, टेबल फॅन हजाराच्या वर. तरी हवा छताचा जास्त देतो आणि आवाज कमी करतो, कारण पाते मोठे आहे. संगणकात ८० मिलिमीटरचा पंखा २००० फेऱ्यांनी जेवढी हवा देतो, तेवढी १२० मिलिमीटरचा कागदावरच्या हिशोबाने ६०० फेऱ्यांत देतो. प्रत्यक्षात थोडे जास्त फेरे लागतात. कारण मोठा संथ पंखा हवेला हळुवार ढकलतो, त्याच्यात जोर कमी असतो. वाटेत नमदा किंवा दाट जाळी असेल तर तो हरतो. म्हणूनच सफाई आधी आणि पंखा नंतर. उलट क्रमाने करणाऱ्यांचे पैसे जातात.

वेग कमी करण्याच्या दोन पद्धती आहेत, एक शहाणी आणि एक धोक्याची. धोक्याची म्हणजे पंख्याच्या वायरीत रेझिस्टर घालून त्याला १२ ऐवजी ७ व्होल्ट देणे. डिसेंबरात हे फार छान वाटते. पण हा वेग ठरीव असतो, मे महिना आला हे पंख्याला कळत नाही. शिवाय कमी व्होल्टवर फिरत असलेला पंखा फिरत राहतो, पण थांबलेला पंखा त्याच व्होल्टवर सुरू होईलच असे नाही. आपल्याकडे वीज जाते आणि येते. संगणक पुन्हा चालू होतो, पंखा होत नाही, आणि दुकान छान शांत झाले म्हणून मालक खूश.

शहाणी पद्धत म्हणजे तापमानाप्रमाणे वेग. चार तारांचा पंखा असेल तर मदरबोर्ड त्याला चौथ्या तारेवरून हवा तसा वेग सांगतो. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ चे बटण दाबले की बायोसचा पडदा येतो. त्यात एससच्या बोर्डावर क्यू-फॅन, गिगाबाईटच्या बोर्डावर स्मार्ट फॅन अशा नावाने ही सोय असते. ५० अंशांपर्यंत तीस-चाळीस टक्के, ७० वर साठ टक्के, ८० च्या पुढे पूर्ण वेग, अशी पायरी आमच्या भागासाठी ठीक आहे. काही बोर्डांवर वेग बदलायला किती सेकंद थांबायचे हेही ठरवता येते, ते थोडे वाढवावे. एकसारखा मंद आवाज कान विसरतो, दर मिनिटाला चढणारा-उतरणारा विसरत नाही. आणि पंखा बंद पडल्यास इशारा देणारी जी सोय तिथे असते, ती सुरू ठेवा. कटकट नको म्हणून ती बंद करून देणारे मेकॅनिक भेटतात.

उष्णता मुळात कमी करता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विंडोजच्या वीज-नियोजनात प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली, तर बऱ्याच यंत्रांत प्रोसेसरची उसळी, म्हणजे टर्बो, बंद होते. बिल काढण्यात काही फरक जाणवत नाही, पण ताप आणि आवाज दोन्ही उतरतात. भरतकामाचे किंवा छपाईचे मोठे डिझाइन करणाऱ्यांना मात्र वेगात फरक जाणवेल, त्यांनी आपले पाहून ठरवावे.

जागेबद्दल. डबा जमिनीवर ठेवला की झाडूचा सगळा तूस त्याच्या नाकात. फूटभर उंच ठेवा, मागे वीतभर जागा सोडा. गल्ल्याखालचे दार लावलेले कप्पे आवाज अडवतात हे खरे, पण त्यात तीच गरम हवा पुन्हा पुन्हा आत ओढली जाते. ठेवायचेच असेल तर कप्प्याची मागची फळी काढा, खाली हवा येण्याची आणि वर जाण्याची वाट द्या. गरम हवा वर जाते. सेवाग्रामची १९३६ सालानंतरची माती-बांबूची आणि कौलांची कुटी भर उन्हाळ्यात आत शिरून पाहिली की हवेला वाट दिल्याने काय होते ते कळते. कूलरबद्दल आमचे मत असे की कोरड्या मे महिन्यात तो खोलीचे तापमान खूप उतरवतो आणि त्याचा संगणकालाही फायदाच आहे, पण त्याचा झोत सरळ डब्यावर घेऊ नये, पाण्याचे तुषार आत जातात. पावसाळ्यात ओल्या हवेत कूलर थंडावा देत नाही, नुसता दमटपणा वाढवतो, तेव्हा साध्या पंख्यावर भागवावे. आणि हो, कूलर चालू असताना संगणकाचा आवाज ऐकूच येत नाही. म्हणजे ज्या महिन्यात तो ऐकण्याची सर्वांत जास्त गरज, त्याच महिन्यात तो झाकला जातो. म्हणून उन्हाळ्यात कानावर विसंबू नये, पडद्यावरचे आकडे पाहावेत.

नवे यंत्र घेणाऱ्यांनी दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात. प्रोसेसर किती वॅटचा आहे? ६५ ऐवजी ३५ वॅटचे प्रकारही मिळतात, इंटेलमध्ये त्यांच्या आकड्यामागे 'टी' अक्षर असते, आणि हिशोबाच्या कामाला ते पुरून उरतात. डिस्क फिरणारी आहे की एसएसडी? एसएसडीत काहीच फिरत नसल्याने आवाजही नाही आणि ताप कमी. आणि डब्यात १२० मिलिमीटरचा पंखा बसतो का? पंखा वेगळा घेत असाल तर तारा चार आहेत का मोजा, आणि बेअरिंग कुठले ते विचारा. साध्या बुशवाले पंखे नवे असताना सर्वांत शांत असतात, पण उष्णतेत त्यांचे तेल लवकर सुकते. बॉल बेअरिंगवाले किंचित आवाज करतात आणि आपल्या उन्हाळ्यात जास्त टिकतात. रात्री घरी काम करणाऱ्याने पहिला घेऊन दर दोन वर्षांनी बदलावा, बाजारपेठेतल्या दुकानदाराने दुसरा घ्यावा.